वस्तादाच्या हातचा तांब्या

त्या दिवशी सकाळी साताऱ्यात दादाचं वजन झालं. ते अडुसष्ट किलो तीनशे ग्रॅम भरलं. दुपारी तो विट्याला परत आला, हौद्यात उतरला आणि त्यानं अण्णांचा हात खांद्यातून मोडला. संध्याकाळच्या गाडीनं तो घर सोडून गेला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ रणजित. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते विट्यातल्या एका तालमीचे वस्ताद होते, आणि तालमीच्या भिंतीला लागूनच रस्त्याच्या बाजूला आमचं फळांचं आणि ज्यूसचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती. तिच्यातून तालमीचा हौदा दिसायचा, म्हणजे कुस्तीची तांबडी माती भरलेला चौकोन. त्या मातीत ताक, हळद, लिंबू आणि तेल घातलेलं असायचं, त्यामुळं आमच्या दुकानात फळांच्या वासाखाली कायम एक आंबूस वास असे. बायकांनी हौद्यात पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. आई त्या खिडकीतून फक्त पेले देत असे आणि रिकामे पेले घेत असे. मी खिडकीखाली केळ्यांच्या घडांशेजारी पोत्यावर बसून पुस्तक वाचायची. पलीकडून अंगावर अंग आदळल्याचे, मानेवर थापा पडल्याचे आवाज यायचे, अलीकडं मिक्सर ओरडायचा, आणि या दोन्हींच्या मधे मी शाळेच्या लायब्ररीतली जवळजवळ सगळी कपाटं वाचून संपवली.

आता शहरातून येणाऱ्या भाच्या ज्याला स्मूदी म्हणतात ते आमच्याकडे खुराक या नावानं रोज पहाटे होत असे. कोणतं फळ कधी हे अण्णांनी ठरवलेलं होतं आणि त्यात बदल नसे. उन्हाळ्यात आंबा, तोही तासभर गार पाण्यात ठेवलेला, नाहीतर पोरांना गळवं येतात. पाऊस लागला की जांभूळ, सैंधव घालून, दुधाशिवाय. मग पेरू. तो मिक्सरमधून काढून चाळणीनं गाळायचा, बिया राहिल्या तर वस्तादाचा पेला परत यायचा. दिवाळीच्या आगेमागे सीताफळ. थंडीत चिकू, आटपाडीचं डाळिंब, आणि कुणी महाबळेश्वरला गेलाच तर त्यानं आणलेली स्ट्रॉबेरी. तिला अण्णा बायकांचं फळ म्हणत आणि तीच चोरून खात. केळी आणि पपई बारा महिने. दुकानात एक पत्रा टांगलेला होता, त्यावरची अक्षरं माझी होती आणि मजकूर अण्णांचा. केळं: वजन. पपई: पोट. डाळिंब: रक्त. चिकू: दम. जांभूळ: साखर. पेरू: दात आणि कोठा. सीताफळ: मांस आणि थंडावा. आंब्यापुढं त्यांनी नुसतं ‘सगळं’ असं लिहायला सांगितलं होतं. पुढं मी यावर बरंच वाचलं, आणि त्या पत्र्यावरचं निम्म्याहून अधिक खरं होतं असं आज मला म्हणावं लागतं.

सीताफळाचं काम सगळ्यांत नाजूक. ते मिक्सरमध्ये तसंच घालता येत नाही, बी फुटलं की दूध कडू होतं. गर चाळणीवर घ्यायचा, बोटांच्या पेरांनी हळूहळू दाबायचा, बिया वर राहतात आणि मऊ गर खाली उतरतो. आई ते करताना कधी बोलत नसे. मला तिच्याकडून आलेलं ते एकच कौशल्य आहे.

अण्णा मारायचे. हे मला सरळच लिहायला हवं, कारण पुष्कळ वर्षं मी ते ‘कडक होते’ असं सांगत आले. काथ्याचा दोर ओला करून तो दाराच्या खुंटीला टांगलेला असे. बैठका मोजताना चुकला, मारला. लंगोट सैल दिसला, मारला. हौद्यात दादाच्या मानेवर ते कोपरापासून मनगटापर्यंतचा हात असा घासून मारत की कानाच्या पाळीतून रक्त येई. दादाचे दोन्ही कान सोळाव्या वर्षीच सुजून, वळून, वाळलेल्या अळंब्यांसारखे झाले होते. मारून झालं की पोरानं वस्तादाच्या पाया पडायचं. मग खुराक. पेला अण्णांच्या समोर, उभ्यानं, एका दमात संपवायचा. तळाला काही राहिलं तर ते डोक्यावर ओतलं जाई आणि वर दोर. दादाला इतरांच्या दुप्पट खुराक आणि दुप्पट मार होता. घरातही तसंच. भाकरी करपली, दूध उतू गेलं, त्यांनी हाक मारल्यावर मी पुस्तकातून मान वर करायला उशीर केला. मला ते क्वचित मारत. माझ्या वाट्याचं आई घेत असे.

जत तालुक्यातून फळं घेऊन येणारी शांताक्का ही एकच बाई त्यांना तोंडावर बोलू शकायची. कानडी हेलात ती म्हणायची, “आवं वस्ताद, पोराला पैलवान करताय का पोतं भरताय? जरा दाबा, सांडंल.” अण्णा हसत. बाहेरच्या माणसांशी ते हसत असत, तेव्हा त्यांचे दात फार सुंदर दिसत.

दादाला फौजेत जायचं होतं. आमच्या भागात ही काही नवी इच्छा नव्हती, आणि अण्णांचीही तीच इच्छा होती. स्वतः ते पायाच्या दोषामुळे भरतीतून परत आले होते. खेळाडूंच्या जागांसाठी साताऱ्यात चाचणी होणार होती. पुढच्या वर्षी दादाचं वय निघून जाणार होतं, म्हणजे ही एकच संधी. पण कुस्ती मॅटवर होती आणि वजनी गटात होती. त्याला अडुसष्टच्या आत बसायचं होतं आणि त्याचं वजन होतं पंच्याहत्तर. वरच्या गटात त्याच्यापेक्षा हातभर उंच पोरं होती, तिथं त्याचा निभाव लागला नसता. हे त्यानं अण्णांना दोनदा समजावून सांगितलं. अण्णांचं सगळं आयुष्य मातीत गेलेलं. मातीत जड माणूस जिंकतो, वजन कमी करणं म्हणजे आजारी पडणं. ते म्हणाले, “काट्यावर चढवून लावायला कुस्ती म्हंजे काय मार्केटातला कांदा हाय व्हय? तू खा. काट्याचं मी बघतो.” काट्याचं ते काय बघणार होते हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

तेव्हा दादा माझ्याकडं आला. श्रावण संपत आला होता. खिडकीशी उभा राहून तो हळू आवाजात म्हणाला, “सुमे, तू पुस्तकं वाचतीस न्हवं? मग मला असं काय तरी करून दे, दिसाय खुराक आन पोटात काय न्हाई.” मी लायब्ररीतून आहाराचं एक पुस्तक आणलं. केळी बंद केली. दुधाच्या जागी पाणी आणि रंगापुरतं चमचाभर दूध. पपई, पेरू, वरून फेस यावा म्हणून मिक्सर दुप्पट वेळ फिरवायचा. वासासाठी सीताफळाचा एक डोळा. पेल्यात ते हुबेहूब खुराकासारखं दिसे. माझ्या वाचनाचा कुणाला तरी उपयोग झाला अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती, आणि मी त्या दिवसांत आनंदात होते. दादा दुपारी रेनकोट घालून, वर घोंगडी पांघरून खानापूर रस्त्यानं पळायचा. परत येऊन दुकानातल्या फळांच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा आणि मी मापं ठेवायची. बहात्तर. एकाहत्तर. त्याचे गाल आत गेले, डोळे मोठे झाले. अण्णांना वाटलं पोराला जंत झालेत.

एका पहाटे अण्णांनी दादाच्या पेल्याच्या तळाशी उरलेला घोट आपल्या तोंडात घेतला. मी खिडकीतून बघत होते. ते थुंकले नाहीत, गिळले. पेला हातात घेऊन ते हौद्यातून बाहेर आले, रस्त्यावरून फिरून दुकानात शिरले आणि म्हणाले, “ह्यात दूध कुठाय?”

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, तोंड उघडलेलं मला आठवतं. पण माझ्याआधी आई म्हणाली, “म्या केलं. दूध नासलं हुतं.” अण्णांनी तोच पितळी पेला तिच्या तोंडावर मारला. एकदा, मग पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा पेल्याची कड भुवईत घुसली. ती काट्यावर पडली, काटा कलला आणि डाळिंबं जमिनीवर घरंगळली. दादा खिडकीच्या पलीकडं गज धरून उभा होता. त्याला आत यायला वळसा घालावा लागला असता, आणि तो वळसा घालायला निघालाही. पण आईनं रक्तानं माखलेला हात वर करून त्याला थांबवलं. तिच्या भुवईला पाच टाके पडले. दवाखान्यात तिनं घसरून पडले म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा स्वतः मिक्सरपाशी उभे राहू लागले.

यानंतर दादानं वजन उतरवायचा दुसरा मार्ग काढला. खुराक तर टळत नव्हता. मग तो जेवण सोडून द्यायचा, आणि खुराक पिऊन ओढ्याकडं जाऊन घशात बोटं घालायचा. रात्रंदिवस एका बाटलीत थुंकत असे, तोंडातलं पाणीसुद्धा शरीरात राहू नये म्हणून. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यानं डोक्याचे केस काढले. संध्याकाळी काट्यावर तो सदुसष्ट किलो आठशे भरला. मला म्हणाला, “बसलो गं.” त्याचे ओठ फाटलेले होते आणि तो हसत होता.

आता ती सकाळ. आमच्या तालमीची एक रीत होती. कुस्तीला निघालेला पैलवान उपाशी बाहेर पडत नाही. वस्ताद आपल्या हातानं त्याला खुराकाचा तांब्या देतो, हौद्याच्या कडेला उभं करून, आणि तो पोरानं थेंबही न सांडता प्यायचा. वस्तादाच्या हातचा तांब्या परत देणं म्हणजे तालीम सोडणं. मी आणि दादा दोघांनीही ही रीत हिशेबात धरलीच नव्हती. चाचणी ही आमच्या मनात कुस्तीच नव्हती, ती भरती होती. अण्णांच्या मनात मात्र ती कुस्तीच होती, पोराची सगळ्यांत मोठी.

ते पहाटे चारला उठले. आदल्या संध्याकाळी शांताक्कानं आणलेली सीताफळं त्यांनी स्वतः निवडली होती. गर मला काढायला लावला. पाच केळी, भिजवून सोललेले बदाम, म्हशीचं निरसं दूध, वेलदोडा. सगळं त्यांनी प्रेमानं घातलं. हे लिहिताना मला दुसरा शब्द सापडत नाही. तांब्या काठोकाठ भरला, शेराहून जास्तच. मला कळत होतं की हा एक किलो आहे. पाणी असो, दूध असो, जेवढं आत जाईल तेवढं तीन तासांनी काट्यावर दिसेल. मी म्हणू शकत होते, अण्णा, हा चाचणी झाल्यावर द्या. आई दुकानाच्या कोपऱ्यात चुलीपाशी बसली होती. तिच्या भुवईवर टाक्यांची काळी गाठ अजून होती. मी ती पाहिली आणि तोंड मिटून राहिले.

दादानं तांब्या दोन्ही हातांत घेतला. खिडकीतून त्यानं आधी माझ्याकडं आणि मग माझ्यामागं, आईकडं पाहिलं. तो प्यायला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मी ती मोजत होते. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, “आता जा वाघा.” त्यांचे डोळे भरून आले होते.

साताऱ्यातलं मला दादानंच कित्येक वर्षांनी सांगितलं. स्टँडच्या मागं जाऊन त्यानं ओकायचा प्रयत्न केला. थोडं निघालं, मग नुसतं रक्त. काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त. अर्धा तास दिला चाचणीवाल्यांनी. तो मैदानाला फेऱ्या मारत राहिला. पण घाम यायला अंगात पाणीच नव्हतं. दुसऱ्यांदाही काटा तिथंच थांबला. त्याचं नाव खोडलं.

दुपारी तो आला तेव्हा हौद्यात आठ-दहा पोरं मेहनत करत होती. अण्णा कट्ट्यावर बसलेले. त्यांनी विचारलं काय झालं. दादानं सांगितलं. अण्णा खरोखर गोंधळून गेले. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे, त्यात खोटं काही नव्हतं. ते म्हणाले, “पोटातलं दूध काट्यावर कसं येईल? ते तर रक्त झालं असंल की तवर.”

दादानं वहाणा कट्ट्याखाली काढल्या. त्यानं शर्ट काढला, लंगोट कसला, हौद्यात उतरला आणि मातीला हात लावून म्हणाला, “अण्णा, या.” पोरं बाजूला झाली. अण्णांना वाटलं पोराला राग घालवायचाय. ते हसत उतरले, शड्डू ठोकला. दादा रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडला. मग त्यानं अण्णांचे दोन्ही पाय उचलून त्यांना असं आपटलं की दुकानातले पेले वाजले. अण्णा उठले, त्याच्या कानावर मारलं, पुन्हा मारलं; दादाचं रक्त मातीत गळत होतं. दादानं तो मार खाल्ला आणि त्यांना पुन्हा पाडलं. आता अण्णा पालथे होते आणि त्यांचा उजवा हात दादाच्या हातात पाठीमागं वळलेला होता. चितपट व्हायला त्यांना फक्त कुशीवर वळून पाठ टेकायची होती.

“पाठ टेका, अण्णा,” दादा म्हणाला. तो दोनदा म्हणाला.

अण्णा तोंडातली माती थुंकून म्हणाले, “माझी पाठ मातीला लागल्याली कुणी बघितली न्हाई. तू तर माझ्या दुधावर वाढलेला.”

दादानं हात वर नेला. तो आवाज मी ऐकला. पुष्कळ वर्षं मी त्याला उपमा शोधत होते. आता शोधत नाही. अण्णा ओरडले नाहीत. पण दादा हात सोडत नव्हता. तो मोडलेला हात तसाच वर नेत राहिला, आणि पोरांपैकी एकाचीही पुढं यायची छाती होईना. तेव्हा आई धावली. रस्त्यावरून वळसा घालून, पायातल्या वहाणांसकट ती हौद्यात शिरली. त्या मातीत बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिनं दादाच्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात तिनं मारलेली ती एकच. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, “जा. आता हितं थांबू नगंस. थांबलास तर तू त्यास्नी मारशील, न्हाईतर ते तुला.” आणि ती अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन त्या मातीत बसली.

हाडवैद्यानं बांधलेला हात नीट जुळला नाही. खांद्याच्या वर तो पुन्हा कधी गेला नाही. पोरं एकेक करून दुसऱ्या तालमींत गेली. पोराकडून पडलेल्या वस्तादाकडं कोण शिकणार? अण्णा दुकानात बसू लागले. त्यांनी मारणं थांबवलं का असं मला लोक विचारतात. नाही. डाव्या हातानं मारत, तेवढं लागत नसे. त्याच थंडीत एका दुपारी, दुकानात कुणी नाही असं समजून, ते मोठ्या काट्यावर चढलेले मी पाहिले. एका हातानं त्यांनी मापं कशीबशी लावली होती. काट्यावर उभ्यानंच त्यांनी फळीवरचा पाण्याचा तांब्या घेतला, घटाघटा प्यायले आणि रिकामा तांब्या परत फळीवर ठेवला. त्यांच्या पायाखालचं पारडं हळूच खाली गेलं. ते तिथं बराच वेळ उभे होते. मी पोत्यावर मागं सरकले आणि पुस्तकाचं पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.

दादा महाबळेश्वरला गेला. आधी स्ट्रॉबेरीच्या शेतावर राबला, मग टॅक्सीतळाजवळ त्यानं स्वतःचा ज्यूसचा गाळा टाकला. पर्यटकांना बारीक व्हायचं असतं, त्यामुळं त्याच्याकडं सगळं दुधाशिवाय मिळे. स्ट्रॉबेरी आणि पेरू, पपई आणि आलं. मी वर्षातून दोनदा जायची. अण्णांविषयी तो बोलत नसे. एकदा त्याच्या दहा वर्षांच्या लेकीनं शाळेच्या शर्यतीला निघताना अर्धा पेला तसाच ठेवला. त्याचा हात उठला आणि खाली आला. पोरगी गाळ्याच्या पत्र्यावर आपटली. ती रडायच्या आधी दादानं माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर तो बराच वेळ हात धूत राहिला. मी तेव्हाही काही बोलले नाही. माझ्या हिशेबी माझ्या आयुष्यातल्या चुका या सगळ्या न बोललेल्या वाक्यांच्या आहेत, म्हणून आता लिहिते आहे.

मागच्या वर्षी पावसाळ्यात, धुक्यात गाळा उघडताना, दादा हृदयविकारानं गेला. छप्पन्न वर्षांचा होता. आई त्याच्या आधी नऊ वर्षं गेली. अण्णांना मी दादाचं सांगितलं तेव्हा ते विट्याच्या घरात ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “किती वजन हुतं त्याचं?” मला माहीत नव्हतं.

त्यांचे दात गेले आहेत आणि घास उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, फळं बारीक करून द्या, साखर घालू नका, थोडं थोडं द्या. सकाळी दहाला मी पपई किंवा चिकू मिक्सरमधून काढून त्यांना चमच्यानं भरवते. पाच-सहा चमच्यांनंतर ते तोंड फिरवतात. उरलेलं मी ओतून देते. घरात आता आम्ही दोघंच आहोत.